दुपारच्या मुंग्या

दोन हजार दहा साल. दिवाळी नुकतीच उरकली होती. वेसाव्याच्या कोळीवाड्यात कमळच्या घरी केबलवाला धर्मा टीव्हीच्या मागे डोकं घालून बसला होता आणि कमळ कमरेवर हात ठेवून त्याच्या पाठीशी उभी होती.

"काकी, पिन काढली, घासली, परत लावली," धर्मा आतूनच बोलला. "वायरपण नवी टाकली. आता काय मीच टीव्हीत जाऊन बसू?"

"बस ना. पण दुपारी येऊन बस. आता दिवेलागणीला काय बघतोस?"

धर्मा बाहेर आला. पडद्यावर बातम्या सांगणारी बाई कशी आरशात दिसावी तशी दिसत होती. तिच्या कानातले डूलसुद्धा मोजून घ्यावेत.

"हे बघा. एक मुंगी दाखवा."

कमळकडे दाखवायला काही नव्हतं. हाच तर सगळा घोळ होता. सकाळी ती अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, दुपारी घरी येऊन चार घास खायची आणि पाय पसरून मालिका लावायची. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर मुंग्या धावायला लागायच्या. नायिकेच्या मागे आणखी एक फिकी नायिका उभी राहायची, आवाजात खरखर यायची. आणि संध्याकाळी मुलगा सिद्धेश आणि सून नेत्रा कामावरून आले, की सगळं साफ!

"आई, टीव्हीला काही झालेलं नाही," सिद्धेश बूट काढता काढता म्हणाला. "तुझे डोळे गेलेत."

"डोळे काय फक्त दुपारी जातात?"

"दमून येतेस ना बाजारातून, म्हणून. अंगठा कसा कापलास मागच्या महिन्यात, सांग."

अंगठ्याचा विषय निघाला की कमळ मूठ मिटून घ्यायची. सुरमई कापताना कोयता सटकला होता, एवढंच. पण सिद्धेशने तेव्हापासून धोशा लावला होता. आता तर त्याने बुधवारची रजाच काढली होती. संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला होता.

"आणि डोळ्यांत काही निघालं ना, तर बाजार बंद. आत्ताच सांगून ठेवतो."

बाजारातली ती जागा कमळला सासूने दिली होती. लग्नाची हळद उतरायच्या आत ती तिथे बसली होती. तिच्या डाव्या हाताला रतन बसायची. तीही अशीच एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला गेली आणि मुलांनी तिला पुन्हा काही बाजारात येऊ दिलं नाही. आता रतनच्या जागेवर एक माणूस प्लॅस्टिकचे डबे विकत होता.

तेव्हा कमळने मनाशी ठरवलं, दोष वायरीत आहे हे शोधूनच काढायचं.

दुसऱ्या दिवसापासून तिने मालिका बघणं सोडलं आणि मुंग्याच बघायला लागली. विमान गेल्यावर मुंग्या येतात का? विमानं तर घरावरून सारखीच जात होती. शेजारच्या घरातला मिक्सर? तो बंद झाला तरी मुंग्या चालूच. तिने कुकरच्या शिट्ट्यांवर संशय घेतला, खिडकीतल्या कावळ्यावर घेतला. एकदा तर टीव्हीवरची गणपतीची तसबीर उचलून कपाटावर ठेवली आणि मग दोन्ही हात जोडून परत जागच्या जागी ठेवली.

शेवटी उत्तर मिळालं ते बाजारात. त्या दिवशी वारा होता, होड्या गेल्या नव्हत्या, बोंबील आलेच नाहीत. दुपारी कमळने टीव्ही लावला तर चित्र लख्ख! दुसऱ्या दिवशी बोंबलांचे ढीग लागले आणि पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं. मग तिला आठवलं, रविवारीही चित्र चांगलं असतं. रविवारी सिद्धेश घरी असतो, म्हणून तर त्याला काही दिसत नाही. आणि रविवारी बोंबील ताजेच खपून जातात, सुकवायला उरत नाहीत.

"बोंबलाचा न् टीव्हीचा काय संबंध?" ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली.

तिने टीव्हीचा आवाज होता तेवढा वाढवला. मग मागच्या वायरीला हात लावला आणि तिच्या मागेमागे निघाली. वायर खिडकीतून बाहेर, भिंतीवरून वर, थेट गच्चीत जात होती. गुडघ्यांना शिव्या घालत कमळ जिना चढली.

गच्चीत या टोकापासून त्या टोकापर्यंत केबलची जाड काळी वायर ताणलेली होती आणि तिच्यावर ओळीने बोंबील लटकत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, अगदी रीतीप्रमाणे. ओल्या बोंबलांच्या भाराने वायर मधोमध झोपाळ्यासारखी खाली आली होती आणि टाकीजवळच्या जोडातून निम्मी बाहेर सरकली होती.

कमळने वायर हाताने वर उचलली. खाली घरात खरखर थांबली आणि नायिकेचं रडणं स्वच्छ ऐकू आलं. वायर सोडली. खरखर. परत उचलली. रडणं.

एवढी हसली कमळ की तिला कठड्याला धरावं लागलं.

टाकीमागून राधा पुढे आली. राधा नात्याने तिची नणंद, पण वयाने बरोबरीची, म्हणून दोघी एकमेकींना नावानेच हाक मारायच्या. नवरा गेल्यापासून राधा पलीकडच्या खोलीत एकटी राहायची आणि सुकी मासळी विकून पोट भरायची.

"राधे, ह्ये काय गो?"

"बोंबील. दिसत नाय? खरंच डोळे गेले काय तुझे?"

"सिद्धेश नको बोलला होता ना गच्चीवर?"

"तो बोलला, आत्या, गच्चीवर दोरी बांधायची नाय, भाडेकरू वासाची बोंब मारतात. मी दोरी बांधली काय? ही वायर आधीपासून हाय."

पूर्वी किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या असायच्या, त्यांवर मैलभर बोंबील वाळत असायचे. आता तिथे गाड्या उभ्या राहत होत्या. राधाला वाळवणासाठी ही वायर सोडली तर जागा उरली नव्हती. कमळने तिला मुंग्यांची सगळी कथा सांगितली, बुधवारची सांगितली, बाजाराचीही.

राधा ऐकता ऐकता गंभीर झाली. "मग बरंच की. बुधवारी पोरगा घरी हाय. त्याला दुपारी मुंग्या दाखव. बोल, आत्याचं काम. तुझे डोळे सुटले."

"आणि तू बोंबील कुठं सुकवणार? माझ्या डोक्यावर?"

राधा बोंबील सारखे करत राहिली.

कमळ खाली गेली. माळ्यावर नवऱ्याची जुनी जाळी होती, त्यातली काळी नायलॉनची दोरी तिने ओढून काढली आणि पुन्हा वर आली. दोघींनी बोंबील उतरवले. कमळने वायर जोडात घट्ट बसवली, मग दोरी टाकीच्या लोखंडी पायापासून समोरच्या कठड्याच्या गजापर्यंत वायरीला लगटून ताणली आणि जागोजागी जाळ्याच्या गाठी मारत गेली. भार दोरीवर, वायर नुसती सोबतीला. लांबून बघितलं तर एकच वायर दिसावी.

शेवटच्या गाठीला दोरीचं टोक फासात जाईना. एकदा चुकलं, परत चुकलं. मग कमळने डोळे मिटून बोटांनीच फास चाचपला आणि गाठ मारली.

"कमळ," राधा हळूच म्हणाली, "तुला बरोबर दिसत नाय."

"ऊन हाय डोळ्यांवर."

"ऊन पाठीमागं हाय गो."

कमळने गाठ ओढून बघितली. पक्की होती.

बुधवारी दुपारी सिद्धेश आईच्या शेजारी येऊन बसला. वर गच्चीत भरघोस बोंबील वाळत होते. पडद्यावर नायिका एकटीच होती, मागे कुणी नव्हतं.

"बघ! दुपार आहे ना? आहेत का मुंग्या?"

"नाहीत."

"म्हणजे आता तरी पटलं?"

"पटलं," कमळ म्हणाली. "चल, डॉक्टरकडे जाऊ. पण एक ऐक. डॉक्टर डोळ्यांचं सांगेल. बाजाराचं मी सांगेन."

सिद्धेश तोंड उघडणार तोच नेत्राचा फोन आला, आणि फोन संपेपर्यंत कमळ पातळ बदलून दारात उभी होती.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. "मी सांगत नव्हतो?" सिद्धेश घरभर सांगत फिरला. कमळने त्याला सांगू दिलं. होळीनंतर ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी राधा भेटायला आली, तर कमळ तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"एवढी म्हातारी कधी झालीस गो?"

"तुझ्याबरोबरच," राधा म्हणाली. "तू उशिरा बघितलंस."

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी कमळ काळा चष्मा लावून बाजारात जाऊन बसली. सिद्धेश आठवडाभर बोलला नाही, मग बोलायला लागला.

पुढे दोनेक वर्षांत घरोघर सेट टॉप बॉक्स आले आणि मुंग्यांचा जमाना संपला. आता चित्र एक तर असतं, नाही तर नसतं. धर्मा इंटरनेटच्या वायरी टाकायला लागला. त्याचं पोट सुटलंय, पण जिने अजून तोच चढतो. नेत्राने यारी रोडला स्वतःचं पार्लर काढलं. सिद्धेशचे केस गेले, आणि चष्मा लागला तेव्हा तो कमळला सांगायला आठ दिवस लाजत होता. राधा दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात गेली, झोपेतच. तिच्या खोलीतले सुके बोंबील कमळने वाड्यात वाटून टाकले, विकले नाहीत.

कमळ त्यानंतरही बाजारात बसत होती. मग एका सकाळी मांदेलीचा शेवटचा वाटा विकून झाल्यावर तिने फळी धुतली, कोयता पुसून बारदानात गुंडाळला आणि शेजारी बसणाऱ्या तेजलला म्हणाली, "उद्यापासून जरा पसरून बस. मी येणार नाय."

"का गो मावशी? घरचे कोण काय बोलले?"

"नाय गो. कुणी काय बोललं नाय."

आणि रिकामी पाटी काखेला मारून ती रिक्षांच्या रांगेकडे चालू लागली.