माझ्या पुढची दोन शिंगे

माझ्या पुढच्या डाव्या चाकाचा माथा आणि त्यावरच्या मडगार्डची कड यांच्यामध्ये अकरा सेंटिमीटर अंतर आहे. उजवीकडे साडेअकरा. हा अर्ध्या सेंटिमीटरचा फरक तीन वर्षांपूर्वी नव्हता. माझे मालक रेनो कार्वोनेन लाकडी घडीची पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसतात, दोन्ही बाजू मोजतात आणि पट्टी मिटून खिशात ठेवतात. ऑक्टोबरपासून त्यांनी हे अंतर चौदा वेळा मोजले आहे. आकडा बदलत नाही. त्यांना आकडा नकोच आहे, मित्रांनो. त्यांना उत्तर हवे आहे, आणि ते माझ्या पोटाखाली आहे, जिथे ती पट्टी पोचत नाही.

मी लाल रंगाचा एक जुना पिकअप ट्रक आहे. एकोणीस हिवाळे मी अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर काढले. ज्या कारखान्यात मी बनलो तिथली मला एकच गोष्ट आठवते: माझी चासी, म्हणजे ज्या दोन लांब पोलादी पट्ट्यांवर माझा सगळा भार उभा आहे ती, रंगाच्या हौदात बुडवून काढली होती. तो काळा रंग कधी निघणार नाही असे मला वाटले होते. मी लहान होतो.

रेनोंनी मला घेतले तेव्हा ते जिल्ह्याच्या रस्तेखात्यात होते. एकतीस वर्षे त्यांनी तिथला मोठा बर्फ लोटायचा ट्रक चालवला. पहाटे चारला निघायचे, पुढच्या पात्याने बर्फ बाजूला सारायचे आणि मागून मीठ टाकत जायचे. मिठाने पाणी गोठत नाही, म्हणून रस्ते मोकळे राहतात. पण त्याच कारणाने माझ्या पोटाखाली चिकटलेले मीठही कधी सुकत नाही आणि पोलादाला आतून खात राहते. रेनोंना हे पक्के माहीत होते. आठवडाभर ते रस्त्यावर मीठ टाकत आणि रविवारी शेडमध्ये गरम पाण्याची नळी घेऊन माझ्या पोटाखालचे मीठ धुऊन काढत. पाठीवर झोपून, टोपी भिजवून, एकेक सांधा. मी लाकडे वाहिली, मासे वाहिले, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीचे दगड वाहिले. लोक म्हणत, "रेनो, तुझा ट्रक दहा वर्षांचा वाटत नाही." ते म्हणत, "वाटत नाही, कारण मी त्याला वाटू देत नाही." त्या दिवसांत माझे अंतर दोन्हीकडे सारखे होते.

मग त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा वाजता, इथून बावन्न किलोमीटरवर डायलिसिसची खुर्ची. चार तास रक्त गाळून घ्यायचे आणि घरी यायचे. गाडी हेल्वी चालवतात. हेल्वी म्हणजे त्यांच्या पत्नी, अडुसष्ट वर्षांच्या, डावा खांदा धड नसलेल्या. घरात दुसरी गाडी नाही. रविवारची आंघोळ बंद झाली. मी तक्रार करत नाही. ज्याला बुटाची नाडी बांधताना धाप लागते त्याने माझ्याखाली झोपावे असे मी कसे म्हणू? पण मीठ थांबले नाही.

घरापासून फाटकापर्यंतचा रस्ता एकशे ऐंशी मीटर आहे आणि तो ज्याचा त्याने साफ करायचा असतो. रेनो आजारी पडल्यावरचे दोन हिवाळे तो रस्ता आपोआप साफ होत होता. रस्त्याच्या पलीकडे बर्नाडेट ट्रुडेल राहतात. त्यांच्या ट्रकला पुढे पाते आहे. सकाळी स्वतःचे अंगण झाले की त्या आमच्याकडे वळत, एकदा जाऊन, एकदा येऊन निघून जात. खिडकीकडे बघतसुद्धा नसत. आमच्याकडे हे कोणी मागत नाही आणि कोणी त्याचे आभारही मानत नाही. हेल्वी वेलदोड्याचा गोड पाव भाजून त्यांच्या टपालपेटीला पिशवीत अडकवून येत. पुढच्या आठवड्यात रिकामी पिशवी आमच्या पेटीला टांगलेली असे. एवढेच संभाषण.

गेल्या ऑक्टोबरात रेनोंनी ठरवले, किंवा ठरवायला सुरुवात केली. रस्तेखात्यातून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने आपले जुने पाते त्यांना दिले होते: सव्वादोन मीटर रुंद, दोनशे सत्तर किलो. ते माझ्या पुढे लावले की रस्ता आपला आपल्याला साफ करता येणार होता. त्याआधी चासीला दोन जाड लोखंडी ब्रॅकेट बसवावे लागतात. ते बंपरखालून पुढे येतात, म्हणून इथे त्यांना शिंगे म्हणतात.

उजवे शिंग बसले. डावे बसवण्याआधी रेनोंनी सवयीने चासीवर हातोडी वाजवली. उजवीकडे ती खणखणीत वाजली होती. डावीकडे पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली. मग हातोडी खाली ठेवून बराच वेळ माझ्या चाकाला पाठ टेकून बसले. शेवटी सहापैकी दोनच बोल्ट लावले आणि बाहेर येऊन दार लावून घेतले.

"बसलं का?" हेल्वींनी विचारले.

"बघू," रेनो म्हणाले.

शिंगे काढणे म्हणजे एक गोष्ट ठरवणे, पाते लावणे म्हणजे दुसरी. त्यांनी दोन्ही केले नाही. आणि मित्रांनो, सगळ्यात वाईट तेच झाले. कारण ज्या गाडीला शिंगे आहेत तिच्या मालकाचा रस्ता आमच्याकडे कोणी साफ करत नाही. तसे करणे म्हणजे त्याच्या ताटातला घास आपण उचलून त्याच्या तोंडात घालणे. नोव्हेंबरात पहिले जड बर्फ पडले तेव्हा बर्नाडेट आपले अंगण साफ करून फाटकासमोर आल्या, शेडच्या उघड्या दारातून माझी शिंगे त्यांना दिसली, आणि त्या वळून परत गेल्या. मी त्यांना जाताना पाहिले. मला हॉर्न वाजवता आला असता तर मी वाजवला असता.

हेल्वींना वाटले, बर्नाडेट कशावरून तरी रुसल्या. विचारायचे तर मागितल्यासारखे होणार. भाड्याने रस्ता साफ करणाऱ्यांच्या याद्या सप्टेंबरातच भरलेल्या. डिसेंबरभर बर्फ उडवायच्या छोट्या यंत्राने कसेबसे भागले, मग त्याचा पट्टा तुटला आणि उरले फावडे.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी वारा उत्तरेकडून आला आणि सोमवारी सकाळपर्यंत पासष्ट सेंटिमीटर बर्फ पडले. सोमवारची खुर्ची रिकामी राहिली. हेल्वी सकाळी सातपासून फावडे मारत होत्या. अंधार पडेपर्यंत चाळीस मीटर झाले, आणि त्यातले वीस वाऱ्याने परत भरले. मंगळवारी केंद्रातून नर्सचा फोन आला. हेल्वींनी तो शेडमध्येच घेतला, एका हाताने माझ्या बॉनेटचा आधार घेऊन.

"हो. पावलं सुजलीत. हो, झोपल्यावर धाप लागते... शुक्रवारी झालं होतं शेवटचं... नाही, रुग्णवाहिका फाटकापर्यंत येईल हो, पण फाटकापासून पुढं काय? त्यांनी माणसाला उचलून कमरेइतक्या बर्फातून न्यायचं का?... बुधवार चुकवणार नाही. हो. कळलं मला."

फोन ठेवून त्या खोक्यावर बसलेल्या रेनोंकडे वळल्या. "बुधवार चुकवायचा नाही म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं."

"पातं लावून बघू," रेनो म्हणाले.

दोघांनी मिळून ते चाकांच्या फळीवरून ढकलत आणले. दर दोन मिनिटांनी रेनो थांबत. खिळी बसल्या, तारा जोडल्या. रेनोंनी माझ्या आत बसून पाते जमिनीवरून उचलायची कळ दाबली. दोनशे सत्तर किलो माझ्या नाकावर आले. उजवीकडचे अंतर सातवर आले, डावीकडचे पाचवर. आणि डाव्या चाकामागे, जिथे तो काळा रंग कधीच निघून गेला आहे, तिथे काहीतरी कट् असे वाजले.

मला तो आवाज नेमका कळला. पोलादाचा एक पापुद्रा दुसऱ्यापासून सुटला होता. असे अजून तीन-चार सुटले की पुढचे चाक आतल्या बाजूला कलणार होते. ते आमच्या अंगणात होईल, की बावन्न किलोमीटरच्या रस्त्यात जंगलाच्या मधोमध होईल, हे मलाही सांगता येत नव्हते. मी ओरडत होतो, मित्रांनो. बंद इंजिन जसे ओरडते तसे. म्हणजे कुणालाच ऐकू न येता.

रेनोंनी पाते खाली टेकवले. ते उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"काय वाजलं?" हेल्वींनी विचारले.

"थंडीनं वाजतं."

"उद्या यानं रस्ता होईल का?"

"बघू."

"रेनो, हे 'बघू' मी ऑक्टोबरपासून ऐकतेय. मला हो चालेल, नाही चालेल. 'बघू' घालून गाडी चालत नाही."

"बर्नाडेटला विचारायचं नाही," रेनो म्हणाले. बर्नाडेटचे नाव तोवर कुणी काढलेच नव्हते.

बुधवारी सकाळी बर्फ थांबले होते. शेडमधला तापमापक उणे सतरा दाखवत होता. रेनो खोक्यावर बसून माझ्या डाव्या चाकाकडे बघत होते. आदल्या रात्री ते खुर्चीतच बसून झोपले होते, आडवे होता येत नव्हते. हेल्वी आल्या त्या काखेत कापडी पिशवी घेऊन. आतून वेलदोड्याचा वास येत होता.

"कुठं चाललीस?"

"पाव ठेवायला."

"तिनं या वर्षी काही केलेलं नाही."

"मला काही विचारायचंच नाहीये. मी फक्त पाव ठेवणार आहे."

त्या बर्फातून गेल्या. मला त्यांची फक्त निळी टोपी दिसत होती, मग तीही दिसेना. वीस मिनिटे झाली. रेनोंनी पट्टी काढली, उघडली, मिटली.

मग दोन टोप्या परत येताना दिसल्या. बर्नाडेट पुढे होत्या. आपला ट्रक त्यांनी रस्त्यावरच सोडला होता आणि पात्याने जे दोन मिनिटांत झाले असते ते अंतर त्या कमरेइतक्या बर्फातून पायी तुडवत आल्या होत्या. हातात पिशवी तशीच होती. ती त्यांनी माझ्या बॉनेटवर आपटली.

"हा परत घ्या. या वर्षी मी तुमच्या दारातलं चमचाभर बर्फसुद्धा हलवलेलं नाही. फुकटचा पाव मी खात नाही."

"तेच तर," हेल्वी म्हणाल्या. "का नाही हलवलंस?"

"का म्हणजे? शिंगं लावून बसलाय की तुझा नवरा. मी कोण लुडबुड करणारी?"

"मला वाटलं तू रागावलीस."

"रागावलेच होते. दोन हिवाळे माझं काम चाललं, आणि मग एका शब्दानं न सांगता हा शिंगं लावून मोकळा. म्हटलं ठीक आहे, म्हाताऱ्याला बरं वाटत असेल."

"म्हातारा कोण?" रेनो म्हणाले. त्या एवढ्या वाक्यालाही त्यांना मध्ये श्वास घ्यावा लागला.

बर्नाडेटनी त्यांच्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. उघडे राहिलेले बूट, त्यातून फुगून वर आलेली पावले. मग माझ्याकडे पाहिले: लावलेले पाते, डावीकडे कललेले नाक. त्या खाली बसल्या, खिशातला दिवा पेटवला आणि हात माझ्या पोटाखाली घातला. त्यांच्या अंगठ्याने मला नेमके तिथे दाबले. पोलाद ओल्या बिस्किटासारखे तुटून त्यांच्या तळहातावर आले. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी बघितले होते.

"रेनो, हे तुला माहीत होतं."

"ऑक्टोबरपासून."

हेल्वींनी बॉनेटवरचा हात काढून घेतला. "आणि मला 'बघू' म्हणत होतास."

"काय सांगू?" रेनो म्हणाले. "पातं लावलं तर गाडी मोडते. नाही लावलं तर एकतीस वर्षं लोकांचे रस्ते साफ करणाऱ्याला स्वतःचं दार साफ करता येत नाही, हे सगळ्या रस्त्याला कळतं."

"या रस्त्यावर मी एकटी राहते," बर्नाडेट म्हणाल्या. "सगळा रस्ता म्हणजे मी."

हेल्वींच्या तोंडाचा कोपरा हलला.

"नऊ वाजत आलेत," बर्नाडेट उठत म्हणाल्या. "अर्ध्या तासात तुम्ही डांबरावर असाल. पण या वेळी पाव बघून नाही की शिंगं बघून नाही. खुणांनी आपण काय गोंधळ घातला ते दिसतंय. तू तोंडानं सांग, रेनो. मी ऐकतेय."

मित्रांनो, रेनो बोलेपर्यंतच्या त्या वेळात मला तुम्हांला एकच सांगावेसे वाटत होते, आणि पुन्हा संधी मिळेल की नाही ठाऊक नाही. माझा लाल रंग अजून चमकतो. त्याच्यावर जाऊ नका. तुमच्या घरात जे जुने आणि कामाचे आहे, यंत्र असो की माणूस, त्याच्या खाली कधीतरी वाकून बघा. कोमट पाण्याने धुता येत असेल तोवर धुवा. आणि वाजवून पाहिल्यावर जर आवाज पोकळ आला, तर हातोडी ठेवून दार लावून घेऊ नका. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा. मी अजून काही वर्षे सावकाश, रिकाम्या नाकाने, बावन्न किलोमीटर जाऊ-येऊ शकतो. माझ्यावर आणखी ओझे घालू नका, एवढेच मी तीन महिने म्हणत होतो.

रेनोंच्या हातात पट्टी होती. ती त्यांनी या वेळी उघडली नाही. खोक्यावर ठेवली, आणि माझ्या मडगार्डला धरून उभे राहिले.

"पातं उतरवा," ते म्हणाले. "शिंगंही काढायची. या गाडीला पातं लावायचं नाही, आत्ता नाही आणि पुढच्या हिवाळ्यातही नाही. बर्नाडेट, आमचा रस्ता तू साफ कर."