चेंडूचं मुसकं

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. दारव्ह्याच्या एका कॉलेजच्या मैदानावर, बास्केटबॉलच्या कड्याला बांधलेली. माझे काही दोर ढिले झाले आहेत, एक तुटलाही आहे. तरी माझी कोणाबद्दल तक्रार नाही.

मी अंबाडीची. कापसाच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर वाढले. पुंडलिकराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला कापले, नाल्यात भिजत घातले, साल सोलून धाग्यांचा वाख काढला आणि मांडीवर वळून माझा दोर केला. या माणसाने जन्मभर बैलांची मुसकी विणली होती. डवरताना, म्हणजे उभ्या पिकातले तण औताने काढताना, बैलाने उभे पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जी जाळी बांधतात, ते मुसके. पण ती वर्षे कापसाच्या पडत्या भावाची होती. गावोगावचे बैल बाजाराला गेले, त्यांत पुंडलिकरावांचीही जोडी गेली. मुसकी कोणाला हवी होती? ओसरीवर बसून ते नुसती बोटे चाळवत राहत.

त्यांचा नातू अमर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि बास्केटबॉल संघाचा कॅप्टन होता. हा संघ दर वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेला अमरावतीला जाई आणि पहिलाच सामना हरून त्याच संध्याकाळी परत येई. त्या वर्षी प्राचार्यांनी स्पष्ट सांगून टाकले, "यंदा पण पहिलाच सामना हरलात, तर हे खांब उपटतो आणि इथे गाड्यांचा स्टँड करतो."

अमर घरी आला. "आबाजी, आमच्या कड्याले जाळी नाही. विणून देता का?"

"केवढं तोंड आहे?"

अमरने दोन्ही हातांनी गोल करून दाखवला.

"म्हंजे हत्तीचंच मुस्कं लागते म्हण की," पुंडलिकराव म्हणाले आणि लगेच वाख काढायला उठले.

त्यांनी मला जीव लावून विणले. गाठ न् गाठ ओढून पाहिली. आणि हाताच्या सवयीने माझा तळ बंद करून टाकला, जसा मुसक्याचा करतात.

अमरने मला कड्याला बांधले. संघातला सगळ्यांत बुटका विक्की, त्याने पहिला चेंडू टाकला. चेंडू कड्यातून आत आला आणि माझ्या पोटात बसला. खाली काही पडेना.

विक्की कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला. "कॅप्टन, तुया आबाजीनं तं चेंडूले मुस्कं बांधलं. आता हा कोनाची पऱ्हाटी खात नाही."

पोरे पोट धरून हसली. संघर्ष नावाचा उंचापुरा पोरगा तर हसून खालीच बसला. अमरचे कान लाल झाले. त्याने माझा तळ कापायला ब्लेड काढले, तेवढ्यात फाटकातून पुंडलिकराव येताना दिसले. धुतलेले धोतर, डोक्याला फेटा. आपली जाळी कशी टांगली ते बघायला आले होते. ते मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसले आणि वर माझ्याकडे बघत राहिले. अमरने ब्लेड खिशात टाकले.

राठोड सर खेळ शिकवत. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिले, अमरकडे पाहिले. म्हणाले, "राहू दे. ज्यानं टाकला, त्यानंच उडी मारून खालून काढाचा. मी काही शिडी आणत नाही."

मित्रांनो, तेव्हापासून माझे दिवस सुरू झाले. पुंडलिकराव रोज खेळ बघायला येत. पोरे चेंडू टाकत आणि मग उडी मारून खालून तळव्याने वर ढकलत, की तो कड्याबाहेर पडे. संघर्षला ते सोपे होते. विक्की मात्र उडून उडून घामाघूम होई.

"काहून रे, पाय नाही का तुले?" संघर्ष चिडवायचा.

"पाय आहेत, पण देवानं आखूड पाठवले," विक्की म्हणायचा आणि पुन्हा उडायचा.

दिवाळीच्या सुमारास त्याचा तळवा मला लागला. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

थंडीत संघ अमरावतीला गेला. मी इथेच होते. पुंडलिकराव तेव्हाही रोज येऊन पायरीवर बसत आणि रस्त्याकडे बघत. पहिल्या संध्याकाळी पोरे परत आली नाहीत. दुसऱ्याही नाही. आली तेव्हा जीपच्या टपावर चषक बांधलेला होता.

विक्की धावत पायरीपाशी आला. "आबाजी, फायनलले शेवटच्या घडीले एका गुणानं मागं होतो. अमरनं टाकला, कड्याले लागून उसळला. खाली सारे ताडासारखे पोट्टे. मी उडालो आन् खालून असा तळवा देल्ला, चेंडू सिधा कड्यात. रोजचीच तं सवय. आन् तिकडच्या जाळीतून कसा सरकन खाली पडला!"

पुंडलिकरावांचे हसू थांबले. "तिकडं चेंडू खाली पडते?"

विक्कीने मान डोलावली.

"म्हंजे माहं चुकलं. मले सांगतलं काहून नाही, अमर?"

अमर खाली बघत म्हणाला, "तुमी रोज पाहाले येत होते, आबाजी."

म्हातारा पायरीवरून उठून माझ्याखाली आला. मग धोतराने डोळे पुसून म्हणाला, "त्या दुसऱ्या कड्याले बी जाळी नाही ना? विणतो. तळ उघडा ठेवू का बंद?"

"बंद," सगळी पोरे एकदम म्हणाली.

खांब जागेवर राहिले, गाड्या लिंबाखाली लागल्या. पुंडलिकराव आता नाहीत. मधली काही वर्षे मी खेळाच्या खोलीत धूळ खात पडले होते, पण नव्या पोरांनी मला शोधून पुन्हा वर चढवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, अंबाडीच्या दोराला पावसाचे पाणी सोसत नाही. पावसाळ्याआधी मला उतरवून कोरड्या जागी टांगा. आणि तुमच्या घरी कोणी म्हाताऱ्या हाताने काही करून दिले आणि ते थोडे चुकले, तर लगेच ब्लेड काढू नका. आधी थोडे दिवस वापरून बघा.