त्रेसष्ट चोऱ्या

मानपत्र लिहायला शरच्चंद्र हो म्हणाले, तिथंच चुकलं. सारी नोकरी ग्रंथालयात गेली, मैदानाकडे ते कधी फिरकले नव्हते. आणि मान होता रांझीच्या इंदिराताईंचा, ज्यांचं नाव बेसबॉल खेळणाऱ्या पोरी अजून आदरानं कानाची पाळी धरून घेतात.

इंदिराताईंनी हिंदीत टिपण पाठवलं होतं. बारा वर्षं राज्याच्या संघात, चार वर्षं कप्तान, एकोणीस होम रन, चोरी त्रेसष्ट.

चोरी? शरच्चंद्रांनी विचारायला फोन उचलला आणि बाईमाणसाला असं कसं विचारायचं म्हणून ठेवून दिला. झाकली मूठ बरी. त्यांनी चोरी गाळली. वर पदरचं एक वाक्य घातलं: ‘खेळात त्यांनी कधीही लबाडी केली नाही.’

मराठी मंडळाच्या सभागृहात, काचेच्या चौकटीत बसवलेलं मानपत्र वाचलंही त्यांनीच. होम रनला टाळ्या पडल्या. लबाडीच्या वाक्याला मागून कोणी फिसकन हसलं.

“और चोरी?” इंदिराताईंच्या संघातल्या विनताताई ओरडल्या. “काका, चोरी काहून नाही वाचली? वही तो इसका असली काम था!”

“टिपणात होती,” शरच्चंद्र पुटपुटले. “मला वाटलं, चारचौघांत बरं दिसणार नाही.”

माइक चालूच होता. सभागृह हसून लोटपोट झालं. इंदिराताई मात्र हसल्या नाहीत.

“भाऊ, चेंडू टाकणारीचा डोळा चुकवून धावत-घसरत पुढचा बेस गाठायचा, त्याला चोरी म्हणतात. गुडघे सोलून निघत. होम रन तर बाकीच्याही मारत होत्या. इतक्या चोऱ्या इथं दुसऱ्या कोणी नाही केल्या.” मग हळूच म्हणाल्या, “एक फोन करायचा होता जी.”

लोकांचं हसणं परवडलं असतं. हे नाही.

“उद्या नवीन करून आणतो,” ते कसेबसे म्हणाले.

“नवीन कशाला? काच काढा, इथंच लिहा.”

चौकटीचे खिळे उचकटायला त्यांना फार वेळ लागला. सगळे बघत होते. जागा उरली होती ती नेमकी त्या लबाडीच्या वाक्याखाली. तिथं त्यांनी लिहिलं: ‘त्रेसष्ट चोऱ्या केल्या.’

इंदिराताईंनी दोन्ही ओळी लागोपाठ मोठ्यानं वाचल्या. “चलो, आता बरोबर झालं. खाली सही करा.”

मान वर न करता शरच्चंद्रांनी सही केली.