कापसाची खोली

मी पहिल्याच दिवशी सांगून टाको, कुत्रं नाई, मांजर नाई, पोपटबी नाई. किरायदार कोनीबी असो, माह्या घरात ही अट पहिली. लोक म्हनत, शकुंतलाबाई लई कडक. आता कडक नाई राहीन तं काय करीन? आमच्या सिंदी गावात घर चालते कापसावर. किरायाच्या दोन खोल्यांच्या मांगं आमची तिसरी खोली, तिच्यात भाव चढेपर्यंत कापूस भरून ठेवाचा. गल्लीच्या खिडकीतून आत टाकाचा अन् खिडकी बाहेरून लावून घ्याची. आतलं दार उघडते किरायदाराच्या सैपाकखोलीत. एकदा एका मास्तराचं कुत्रं त्या दारातून शिरलं. खरेदी केंद्रावर ग्रेडरनं कापसात हात घातला, बोटाले केस लागले, अन् आख्खी बंडी, बैलगाडीभर कापूस, खालच्या ग्रेडमंदी गेली. आमचे हे त्या रोजी घरी येऊन जेवले नाई. तवापासून जनावर बंद.

नंदिनी सिस्टर आली तवा आमच्याकडं नवाच फोन आलता, त्याले मी भरतकामाचा रुमाल घालून ठेवला होता. तिची बदली सरकारी दवाखान्यात, मूळ गाव तळेगाव, संगं आई पंचफुलाबाई. आमच्या ह्याईनं आडनाव इचारलं. पोरीनं आडनाव सांगतलं अन् आमी बौद्ध आहो हेबी सांगतलं, मागून कटकट नको म्हनून. हे माह्या तोंडाकडं पाहाले लागले. मले आला राग. खोल्या रिकाम्या, मानसं नीटनेटकी, त्यात माह्या तोंडाकडं काय पाहाचं? मी म्हनलं, मानूस कोनताबी चालते आमाले, जनावर तेवढं चालत नाई.

पंचफुलाबाई हसली.

"आजवर उलटंच पाह्यलं बाई," ती म्हने. "मांगच्या गावी एका घरी गेलतो, तं कुत्रं दिवानवर बसलं होतं, अन् आमाले म्हने खोली खाली नाई."

आयकून मले लई बरं वाटलं. आपून त्या लोकाईसारखे नाई याचं बरं वाटलं. त्या खुशीत मी सामान उतरून घ्याले स्वतः उभी राह्यली. तिनं चहा केला होता, तो तेवढा नाई घेतला. म्हनलं, आत्ताच घेऊन आली. पुढंबी ती कवाबी इचारो, मी आपली आत्ताच घेऊन आलेली.

दिवाळी झाली, शेतातून कापसाच्या बंड्या आल्या, खोली खिडकीपर्यंत भरली. अन् मंग मले एक एक गोष्ट दिसाले लागली. पंचफुलाबाई चहात दूध नावापुरतं टाके, तिले दूध पचे नाई, पन गवळ्याकडून दूध घे ते भरपूर. मी म्हनलं, पोरगी पेत असन. मंग दुपारी, पोरगी ड्युटीवर, घरात ही एकटी, अन् भिंतीपलीकडून आवाज ये, "निज आता माय, लेकरं निजली ना." मी हातातलं सूप खाली ठेवलं. लेकरं कोनाची? घरात तं दोघीच!

मंग मले काई चैन पडे ना. चाळनी मांगाच्या निमित्तानं जाऊन आली. मीटर पाहाच्या निमित्तानं जाऊन आली. कढीपत्ता देऊन आली. आतल्या दाराले साखळी, अन् दारासमोर पंचफुलाबाई पाटावर बसलेली, जशी काई राखनच करून राह्यली. आनखी एक गोष्ट. दर साली त्या खोलीत उंदीर सरकीसाठी धिंगाना घालत, रातभर खुडखुड चाले. त्या साली आवाज नाई. आमचे हे म्हनत, यंदा उंदीर दुसऱ्या गावी गेले. मले ते पटे ना.

पौषातली पौर्निमा आली. पोरगी ड्युटीवर, पंचफुलाबाई विहारात. मी स्टूल घेतला, गल्लीत गेली, खिडकीची कडी काहाडली. कापूस माह्यासाठी थोडीच नवा होता? पन मी अशी वाकून पाहून राह्यली होती जसं कोनाच्या घरी पाळन्यात पाहाते. कोपऱ्यात कापसात खोलगट जागा झाली होती अन् त्यात एक काबरी मांजरी निजलेली, पोटाशी तीन पिल्लं. एक कान अर्धा तुटलेला. तिनं डोळे उघडले, मले पाह्यलं, अन् पुन्हा मिटले. मीच जशी किरायदार!

माह्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा इश्वास टाकला अन् हे फळ? तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरं लुगडं दिसलं. पंचफुलाबाई विहारातून परत येत होती. ती थांबली. मी स्टुलावर, खिडकी उघडी. मान खाली घालून ती घरात गेली.

पन तो कान मले चैन पडू देई ना. असा कान आपून कुठंतरी पाह्यला. इतक्यात शेतावरून आमचा गडी कवडू आला, तुरीच्या शेंगा घेऊन. मी त्याले इचारलं, काबरी मांजरी पाह्यली का रे कुठं, कान तुटलेली?

"कानतुटी? आपलीच ते, बाई. शेतातल्या कोठ्यातली," कवडू म्हने. "कापसाच्या गंजीत निजे. कापूस भरला तवापासून गायब हाय. मी तं लई धुंडलं तिले."

म्हनजे आमची मांजरी, आमच्या कापसात, आमच्या बंडीतून, आमच्याच खोलीत आलती. आमीच तिले आत टाकलं अन् बाहेरून कडी लावली.

आमचे हे जेवाले बसले तवा सारं सांगतलं. ते भडकले. म्हने, आपली असो का परकी, दूध तं त्याईनंच पाजलं, लपवून तं त्याईनंच ठेवलं. अट म्हनजे अट. मयना भरला का खोल्या खाली करा म्हनतो.

"अट त्याईनं नाई मोडली," मी म्हनलं. "आपल्या मांजरीनं मोडली. खाली कराचं तं तिले सांगा."

त्याईनं हातातला घास ताटात ठेवला. मंग म्हने, वरचा अन् कोपऱ्यातला कापूस अलग काहाडू, त्याच्यातून घरच्या गाद्या भरू, बाकीचा केंद्रावर जाईन. अन् पिल्लं हिंडाफिराले लागेपर्यंत त्या खोलीले हात लावाचा नाई. मी त्याईले आनखी एक भाकर वाढली.

मंग मी पलीकडं गेली. जाताना मनात सारं जुळवून ठेवलं होतं, असं बोलीन, तसं बोलीन, थोडी रागावीनबी, कारन मले इचारलं काऊन नाई याचा राग होताच. दार ढकललं तं तोंडचं सारं पळालं. घर आवरून झालं होतं. भांडे पोत्यात, कपडे चादरीत, फोटो भिंतीवरून उतरलेला. बोचके बांधून दोघी मायलेकी भिंतीले टेकून बसल्या होत्या. कोनी त्याईले जा म्हनलं नव्हतं. मी खिडकीत दिसली, एवढ्यावर त्याईनं बांधाबांध केलती. हात किती सरावले असन त्याईचे!

"मांजरी आमची हाय," मी म्हनलं. "बंडीतून आली. मले आत्ता समजलं."

"आमाले पह्यल्यापासून माईत होतं," पंचफुलाबाई म्हने. "तुमी कडी लावून गेले अन् ती आत रडाले लागली. दार उघडलं, तं पोटुशी होती. बाहेर कुठं टाकू तिले?"

"मंग मले सांगाचं नाई?"

नंदिनीच बोलली. राग नव्हता तिच्या बोलन्यात, तेच मले जड गेलं.

"काकू, आमच्या खोलीत मांजर सापडलं अन् आमी म्हनलं असतं का हे तुमचं हाय, तं तुमी मानलं असतं?"

मी मानलं असतं असं म्हनाले तोंड उघडलं. अन् म्हनलं, नाई, नसतं मानलं. दुपारी स्टुलावर उभी होती तवा माह्या मनात काय आलतं, ते मले माईत होतं.

आतून पिल्लाचा बारीकसा आवाज आला. कोपऱ्यात चुलीजवळ दूध झाकून ठेवलं होतं, घर आवरलं तरी तेवढं आवरलं नव्हतं. मी जवळच्या बोचक्यावर बसली.

"पंचफुलाबाई, चहा मांडा," मी म्हनलं.

ती पाहातच राह्यली माह्याकडं. मंग हळूच म्हने, "दूध एवढंच हाय बाई. मांजरीचं."

"मंग त्यातलंच टाका थोडं."

पंचफुलाबाईनं स्टो पेटवला. नंदिनी माह्यासमोर येऊन उभी राह्यली. मी म्हनलं, काय झालं वो? तवा ती हसली. कप मी बसली त्याच बोचक्यात होते. मी उठली, अन् गाठ मीच सोडली.