टॉवेलावरच्या पिना

मी एक जुनी पितळी तपेली आहे, मित्रांनो, आणि माझ्या काठाला एक मोठा पोचा आहे. तो पडला तेव्हा मला फारसे दुखले नाही. त्याच्या आधीचे तीन दिवस मात्र मला अजून दुखतात, आणि आज मी ते तुम्हाला सांगणार आहे.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, आतून कल्हई केली आणि दुकानाच्या फळीवर मांडले. माझे बूड रुंद आणि तोंड अरुंद. त्यामुळे दूध तापवायला मी गैरसोयीची आणि घासायला त्याहून गैरसोयीची. गिऱ्हाईक यायचे, मला उचलायचे, आत हात घालून बघायचे आणि नाक मुरडून खाली ठेवायचे. शेवटी एक उंच, सडसडीत बाई आली. तिने माझ्या तोंडावर चेहरा धरून पाहिला आणि म्हणाली, "हिची वाफ सरळ नाकात जाईल. द्या बांधून."

ती बाई म्हणजे थोरली. ती आणि तिची धाकटी बहीण मिळून एक लाँड्री चालवत. पुढे दुकान, मागे राहायची एकच मोठी खोली, आणि मध्ये कपडे धुवायचा दगड. धाकटीचा नवरा लवकर गेला होता. तिला एक मुलगी होती. थोरली धुवायची, धाकटी इस्त्री करायची आणि मुलगी शाळेतून आली की घड्या घालायची. सगळ्या घराला साबणाचा आणि गरम कापडाचा वास असे.

लाँड्रीत काम करणाऱ्यांचे हात सदा ओले, त्यामुळे सर्दी त्या घरी पाहुणी नव्हतीच, घरचीच होती. थोरलीचा तिच्याबाबत एक ठाम हिशोब होता. "सर्दी तीन दिवस येते, तीन दिवस बसते, तीन दिवस जाते. नऊ दिवस कळ काढा, दहाव्या दिवशी कामाला लागा." हे दिवस मोजायची तिची रीत लाँड्रीतलीच होती. प्रत्येक गाठोड्याला खूण म्हणून पिना लावायची तिच्या हाताला सवय. तशीच जो आजारी असेल त्याच्या टॉवेलाच्या काठाला ती रोज सकाळी एक पिन लावायची. तो टॉवेल डोक्यावरून घेऊन माणूस माझ्यावर वाकला, की मला खालून त्या पिना ओळीने चमकताना दिसत. नऊ पिना झाल्या की टॉवेल धुवायला जाई आणि मी फळीवर जाई.

आणि खरेच, बहुतेक वेळा सर्दी तेवढ्यात जायची. ती आपली आपण जायची, पण श्रेय मला मिळायचे. शेजारचे लोक मला उसनी नेऊ लागले. समोरचा सायकल दुरुस्त करणारा तर म्हणायचा, "ही तपेली म्हणजे डॉक्टरची आई आहे हो!" सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मीही चढले. खोटे कशाला सांगू? मला वाटू लागले की माझ्या पोटात पाणी नाही, औषधच आहे.

धाकटी स्वभावाने बडबडी. इस्त्री फिरवताना तिचे तोंड इस्त्रीपेक्षा जोरात चाले. टॉवेलाखालीसुद्धा ती गप्प बसत नसे. "ताई, तुझी ही तपेली मला उकडून काढणार आणि तू माझी घडी घालून गिऱ्हाइकाला देणार!" असे ती वाफेतून ओरडायची. थोरली हसू दाबून म्हणायची, "तोंड मिट, नाकानं ओढ." मला त्या घरातला तो आवाज सगळ्यांत जास्त आवडे.

त्या वर्षी थंडीत धाकटीला सर्दी झाली. पहिली पिन लागली, दुसरी लागली. नाक गळत होते, घसा दुखत होता, अंग थोडे कोमट होते. पाचव्या पिनेला ताप उतरला. सहाव्या आणि सातव्या दिवशी ती पुन्हा इस्त्रीला उभी राहिली आणि गिऱ्हाइकांच्या नकला करू लागली. मी मनात म्हटले, झाले, आणखी दोन पिना आणि मग फळी.

आठव्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली. ताप परत आला आणि पहिल्यापेक्षा जोरात आला. मित्रांनो, याच ठिकाणी सगळे चुकले. थोरलीने टॉवेल हातात घेतला, विचार केला आणि सातही पिना काढून टाकल्या.

"ही नवी सर्दी आहे," ती म्हणाली. "नव्या गाठोड्याला जुनी खूण लावायची नसते. आजपासून पहिली."

"ताई, खोकल्यावर इकडं बरगडीत चमक येते गं," धाकटी म्हणाली.

"ती इस्त्री ओढून ओढून येते. आणि खोकला त्या ब्लीचिंग पावडरीच्या वासानं. मला नाही का होत?"

थोरली काही दुष्ट नव्हती. लहानपणापासून तिनेच बहिणीला सांभाळले होते, आणि त्या दिवशीही स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिने तिला पांघरली. पण तिचा पिनांवर विश्वास होता आणि माझ्यावरही होता.

धाकटी माझ्यावर वाकली, तेव्हा मला तिचा श्वास ऐकू आला. इतक्या वर्षांत मी किती जणांचे श्वास ऐकले असतील! चोंदलेला श्वास मला ओळखू येतो, घसा बसलेलाही ओळखू येतो. हा तसला नव्हता. तो छातीतूनच आखूड येत होता आणि मध्येच अडत होता. ती नेहमीसारखी काहीतरी बोलायला गेली. "ताई, तुझी ही..." एवढेच म्हणाली आणि धापा टाकू लागली. एक वाक्य तिला एका दमात पुरे करता येईना.

बाहेरून थोरली लाडाने म्हणाली, "बरं झालं बाई, आज तरी घरात शांतता आहे."

मला ओरडावेसे वाटले. पण तपेलीला तोंड असून आवाज नसतो. मी नुसती वाफ सोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे कोट द्यायचे होते. हो, दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता आणि तिथल्या डॉक्टरबाईंचे पांढरे कोट दर आठवड्याला आमच्याकडे येत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, आम्ही तर वळसासुद्धा घेतला नाही. अंगात ताप असताना धाकटीने ते कोट इस्त्री केले. मध्ये दोनदा ती स्टुलावर बसली. थोरली कोट घेऊन गेली आणि हसत परत आली.

"डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी सगळे बरे ना? म्हटलं, धाकटीला सर्दी-ताप आहे. म्हणाल्या, किती दिवस झाले? म्हटलं, दोन. मग म्हणाल्या, दोनच दिवस ना, विश्रांती घेऊ द्या, पाणी भरपूर पाजा, नाही उतरला तर या."

टॉवेलावर पिना दोनच होत्या. पण आजारपणाचा तो नववा दिवस होता, आणि मधला परतलेला ताप, बरगडीतली चमक, तुटणारे वाक्य, यांतले काहीच डॉक्टरबाईंच्या कानावर गेले नाही. खरे सांगितले असते, तर त्यांनी हातातले काम टाकले असते.

तिसऱ्या पिनेच्या दुपारी मुलगी शाळेतून आली. आई एक चादर घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मुलीने विचारले, "आई, हे काय करतेस?" आई तिच्याकडे परक्यासारखी बघू लागली. तिचे ओठ निळसर झाले होते. मुलीने दप्तर तिथेच टाकले आणि ती पळत सुटली. डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांच्या अंगात धाकटीने आदल्या दिवशी इस्त्री केलेला कोट होता.

त्यांनी छाती तपासली आणि न्यूमोनिया म्हणाल्या. सायकलवाल्याने गाडी बोलावली. धाकटीला मोठ्या इस्पितळात नेले. त्यानंतर ती घरी आली नाही.

दोन दिवसांनी थोरली आणि मुलगी, दोघीच परत आल्या. थोरलीने मला चुलीजवळून उचलले आणि सगळी ताकद लावून धुवायच्या दगडावर आपटले. "दोन सांगितले मी," ती म्हणाली. "नऊ होते गं, नऊ होते." मग तिनेच मला उचलले, पदराने पुसले आणि पोटाशी धरून ती दगडावर बसून राहिली. माझ्या काठाचा पोचा तो हा. त्या रागाबद्दल मी तिला कधीच दोष दिला नाही.

पुढे मी मोरीच्या कोपऱ्यात गेले. माझी कल्हई गेली, पितळ काळे पडले. माझ्या पोटात थोरलीने त्या पिना टाकून ठेवल्या होत्या, त्या तिथेच गंजल्या. आता मला कोणी डॉक्टरची आई म्हणत नव्हते, आणि त्याचे मला वाईटही वाटत नव्हते. वाईट वाटायचे ते इस्त्रीच्या मुकाट आवाजाचे.

दोन वर्षांनी मुलीला सर्दी झाली. नाक वाहत होते, थोडा ताप होता. तिसऱ्याच दिवशी तिला दोनदा जोरात ठसका लागला. थोरलीने पिनेला हात लावला नाही. दुकान अर्धे उघडे टाकून ती मुलीला दवाखान्यात घेऊन गेली.

परत आल्यावर मुलीने मला मोरीच्या कोपऱ्यातून बाहेर काढले आणि घासायला घेतले. घासता घासता ती माझ्याशीच बोलत होती. "डॉक्टरबाईंनी मावशीला सगळं नीट सांगितलं. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते, खोकला थोडा जास्त रेंगाळतो. पण दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळे झाले किंवा माणूस भ्रमल्यासारखं करायला लागलं, तर एक मिनिट थांबायचं नाही, तडक निघायचं. ताप तीन-चार दिवसांत हटला नाही, किंवा उतरून परत आला, किंवा दहा दिवसांनीही बरं वाटेना, तरी यायचं. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, दम्याचे आजारी, यांच्यासाठी तर वाटच बघायची नाही. आणि दिवस मोजायचे ते पहिल्या शिंकेपासून."

थोरलीने हे सगळे त्याच जुन्या टॉवेलावर लिहून ठेवले, कपड्यांना खुणा घालायच्या शाईने. ती शाई कितीही धुतली तरी जात नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. गोठ्यात अजून एक वासरू होते.

मग मुलगी घासायची थांबली. "शेवटी डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, पोरीला काही झालेलं नाही, आज उगाच आलात. तर मावशी तिथंच रडायला लागली. थांबेचना."

मित्रांनो, मी आता पुन्हा फळीवर आहे. मोठ्या माणसांचे नाक चोंदले की थोडी वाफ देते. लहान मुलांना माझ्याजवळ येऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, उकळते पाणी कोणाचे सगे नसते. पण माझ्यावर भरवसा ठेवून दुखणे अंगावर काढू नका. माझ्या पोटात पाणीच आहे. तुमच्या घरातले बडबडे माणूस एखाद्या दिवशी वाक्य अर्ध्यात सोडून धापा टाकू लागले, तर घरात शांतता आली असे समजू नका. त्याला घेऊन निघा. फार तर काय होईल, डॉक्टर म्हणतील, उगाच आलात. ते ऐकायला लाजू नका. धाकटीसाठी आम्हाला ते ऐकायला मिळाले नाही.