उंबऱ्याबाहेरचे चेअरमन

दोन हजार तेराच्या दुष्काळात आष्टीकडच्या आमच्या गावात सहकारी संस्थेची चारा छावणी होती, आणि छावणीत एक टीव्ही होता. जनावरांना ऊस, माणसांना टीव्ही. संध्याकाळी हिंदीत डब केलेले रक्तपिशाच्चांचे पिक्चर लागायचे. परदेशातला कुणी सरदार, काळा झगा, दोन सुळे. महिन्याभरात गावाला त्याचे सगळे कायदे पाठ झाले. संस्थेचे पोटनियम मात्र मला, म्हणजे सचिव राधाकिशनला, आजही येत नाहीत.

त्यातले बरेच कायदे आमच्याकडे कुचकामी होते. लसणाला भिणारा गडी आमच्या मुलखात एक दिवस टिकला नसता. इथं पोरं दात येण्याआधी ठेचा चाटतात. उन्हात त्याची राख होते म्हणे. ती तर आमची सगळ्यांचीच होत होती.

एक कायदा तेवढा मेंढरंवाल्या सारजाबाईनं उचलला. घरच्यांनी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

“आपला चेअरमन बी तसलाच हाय,” ती छावणीत म्हणाली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

खोटं नव्हतं. आमचे चेअरमन अर्जुनराव मानाचे भुकेले. ‘या साहेब’ झाल्याशिवाय कुणाच्या घरात पाय ठेवायचे नाहीत, आणि अंगठा घ्यायचा तोही घरात बसूनच. गल्लीत कागद काढणं त्यांना हलकं वाटायचं.

गावात पाणी उरलं होतं ते सारजाबाईच्या विहिरीला. छावणीत मेंढरांना जागा नव्हती. तिची चाळीस मेंढरं त्या विहिरीवरच तगली होती. चेअरमनना ती विहीर संस्थेच्या ताब्यात हवी होती. म्हणायला छावणीसाठी, खरी स्वतःच्या मोसंबीसाठी. तीन वाजता तालुक्याचे साहेब बैठकीला येणार होते. तोवर तिचं संमतीपत्र झालं नाही, तर विषय रद्द आणि विहीर तिची.

दीडला आम्ही तिच्या दारात. पुढं चेअरमन, मागं शाईचा डबा घेऊन मी.

“सारजाबाई, हाय का घरात?”

“हाय की.” ती उंबऱ्याच्या आत निवांत गोधडी शिवत होती.

“ऊन लई हाय.”

“हाय.”

पुढं काही नाही. समोरच्या दारातून बायका बघायला लागल्या. चेअरमन खोकले, टोपी नीट केली, घाम पुसला. अख्ख्या गावाला वाकवणारा माणूस एका शब्दासाठी ताटकळत होता. मला मनातून लई बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? माझीही चामडी भाजत होती, तरी वाटत होतं, बाई, अशीच बस.

पाऊण तास गेला. चेअरमन पार सुकले.

“पानी तरी द्या घोटभर.”

पाण्याला नाही म्हणायची तिची जात नव्हे. तिनं तांब्या भरून आणला, त्यांच्या हातात दिला, आणि दारात आलेल्याला जन्मभर जे म्हणत आली तेच तोंडातून गेलं.

“उभ्यानं कावून पिता? आत या, टेका.”

तिनं जीभ चावली. पण चेअरमन आत जाऊन बसलेही होते. तांब्या रिकामा करून त्यांनी मायेनं विचारलं, “छावनीत तुमची दोन बैलं हायेत, न्हाई का?”

“हायेत.”

“ऱ्हाऊ द्या की. आमी कुठं काढा म्हनतोय?”

सुळे वगैरे काही दिसले नाहीत. पिक्चरवाले उगाच खर्च करतात.

सारजाबाईनं सुई गोधडीत खोचून ठेवली. मग तिनं हात पुढं केला. मी चेअरमनच्या शेजारी टेकून डबा उघडला, तिचा अंगठा शाईवर दाबला, कागदावर उमटवला. चेअरमन कागदाची घडी खिशात घालून बाहेर पडले. मी डब्याचं झाकण लावत होतो.

पदराला अंगठा पुसत तिनं माझ्याकडं पाहिलं.

“राधाकिशनभाऊ, त्येन्ला म्या ‘या’ म्हनलं. तुमाला कुनी म्हनलं होतं?”