तांदळाच्या पिठाचा केक

चाळीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या माणसाला कुणी पिठाबद्दल शिकवायला लागलं की त्याचं डोकं फिरणारच. "बाबा, हिला गहू कणभरही चालत नाही. डॉक्टरांनी बजावलंय," असं लेकीनं नातीकडे बोट दाखवत सांगितलं, तेव्हा म्हातारा बेकरीवाला नुसता हसला. गव्हावर घर चाललं, हीच लेक लहानाची मोठी झाली, आणि आता म्हणे गहू बाधतो!

लेक कामावर गेली की सहा वर्षांची नात त्याच्याकडे असायची. एके दुपारी त्यानं तिच्या हातात लोण्याचं बिस्किट ठेवलं. "खा गं, काही होत नाही. फक्त आईला सांगू नकोस."

पोर दोन दिवस पोट धरून कळवळली, पण आजोबांचं नाव काही तिनं घेतलं नाही. फ्रॉकच्या खिशातला चुरा मात्र लेकीला सापडला. ती कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पोरीला त्याच्याकडे सोडणं बंद केलं.

मग म्हातारा हट्टाला पेटला. घरातला गहू बाहेर काढला, ओटा तीनदा घासला, भांडी नवी आणली. तांदळाच्या पिठाचा पहिला केक विटेसारखा झाला, हात लावताच दुसऱ्याचा भुगा झाला. बदामाची पूड आणि कुस्करलेलं केळं घातलं, तेव्हा कुठे सातवा जमला. रविवारी त्यानं दोघींना बोलावलं.

"सगळं नवीनच वापरलंत ना, बाबा?"

"सगळं," म्हणत त्यानं सुरी उचलली आणि त्याची नजर ओट्यावरच्या ब्रशवर गेली. बेकरीतला जुना ब्रश. भांड्याला लोणी फासताना सवयीनं कधी उचलला, कळलंच नव्हतं. ब्रशच्या केसांत किती वर्षांचं गव्हाचं पीठ मुरलं होतं!

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलंही. मग त्यानं सुरी खाली ठेवली. "नको. लोणी बेकरीतल्या जुन्या ब्रशनं लावलंय."

"थोडासा पण नाही, आजोबा?" नातीचे डोळे भरून आले.

"नाही गं बाळा."

लेक उठली. पोरीच्या पायात चपला घालून दारापाशी थांबली. "पुढच्या रविवारी आमच्याकडे या. माझ्या भांड्यांत करा."

हे ती मायेनं म्हणाली की अजून भरवसा नाही म्हणून, हे विचारायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं नुसती मान डोलावली.